तार तोडण्याचा अधिकार

३१ ऑक्टोबर २०२३ हा बीड जिल्ह्यासाठी कागदांचा दिवस होता. मुंबईत राज्य मंत्रिमंडळानं, मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचा पहिला अहवाल स्वीकारला. पावणेदोन कोटींच्या आसपास जुने दस्त चाळून ११,५३० कुणबी नोंदी हाती लागल्याचं त्यात म्हटलं होतं. त्याच दिवशी राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि त्यात बीडचे वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तालुके होते. या दोन्ही बातम्या ज्यांच्या जिव्हाळ्याच्या, त्यांच्या मोबाइलवर त्या दिवशी नेट नव्हतं. आदल्या दिवशी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर जाळण्यात आलं होतं. बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचं घर आणि राष्ट्रवादी काँग्रेसचं कार्यालय पेटलं होतं. संचारबंदी लागली आणि पाठोपाठ इंटरनेट बंद झालं.

संचारबंदीच्या आदेशाला निदान भूगोल होता. जिल्ह्याच्या आणि तालुक्यांच्या मुख्यालयांभोवतीचा पाच किलोमीटरचा परिसर आणि जिल्ह्यातून जाणारे राष्ट्रीय महामार्ग अशी त्याची आखणी होती. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की दहाएक किलोमीटरवर पाली लागतं. शेजारी बिंदुसरेचं धरण, समोर धुळे-सोलापूर महामार्ग. पाच किलोमीटरच्या वर्तुळात पाली बसत नाही, पण महामार्गामुळे ते संचारबंदीत आलंच. तरी डांबरी रस्ता सोडून पांदीनं शेतात जाणाऱ्याला आपण हद्दीच्या आत की बाहेर, हे डोळ्यांनी दिसत होतं. नेटबंदीचं तसं नसतं. टॉवरला गावाची शीव कळत नाही आणि फोनवर ‘नेटवर्क उपलब्ध नाही’ असं दिसलं तर ते रेंजचं दुखणं, रिचार्ज संपल्याचं की सरकारचा हुकूम, हे गावकऱ्याला कोणी सांगत नाही.

हा हुकूम आला कुठून? मुंबईच्या मंत्रालयातून, गृह विभागातून, हे सरळ उत्तर. पण त्याची वंशावळ काढायची तर कलकत्त्यापर्यंत मागं जावं लागतं. शिंदे समिती ज्या दप्तरांत कुणबी शोधत होती, त्यातल्या पुष्कळशा दप्तरांहूनही ती थोडी जुनी निघते.

विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरनं कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार टाकली १८५०-५१च्या सुमारास. १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा, मुंबई जोडले गेले आणि पुढच्या वर्षी तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. दोनच वर्षांनी १८५७ उजाडलं. ११ मे रोजी दिल्लीच्या तार कचेरीतून अंबाल्याला गेलेला इशारा शालेय पुस्तकांतही सापडतो. बंडवाल्यांना तारेचं मोल लगेच कळलं होतं आणि दिसेल तिथं ते खांब उपटत, तारा तोडत. तार तोडणं हे बंडखोराचं काम आणि ती जोडणं हे सरकारचं काम, अशी वाटणी तेव्हा झाली आणि ती जवळजवळ शंभर वर्षं टिकली. १९४२ नंतर सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातले कार्यकर्ते रात्री बाहेर पडत तेव्हा तारा कापणं हा त्यांच्या कामाचा भाग असे आणि सकाळी दुरुस्तीला सरकारी माणसं धावत.

१८८५चा इंडियन टेलिग्राफ ॲक्ट हा त्या भीतीतून जन्मलेला कायदा. त्याच्या २५व्या कलमात संदेश अडवण्याच्या इराद्यानं तार, खांब, यंत्र यांची नासधूस करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितासाठी गरज पडली तर सरकारलाच तार अडवण्याची मुभा होती. तोडण्याची बंदी आणि तोडण्याचा परवाना एकाच पुस्तकात, वीस कलमांच्या अंतरानं. आणीबाणी खरंच आहे का, असा कोणाला संशय आलाच तर त्याचाही बंदोबस्त मूळ कलमात केला होता: सरकारच्या सचिवानं सही केलेला दाखला हा त्याबाबतचा निर्णायक पुरावा. म्हणजे आणीबाणी आहे, कारण सचिव तसं म्हणतात. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली. ज्या माणसांचे संदेश पुढं साठ वर्षं अडवायचे होते ती माणसं आणि अडवण्याचं हत्यार, दोन्ही एकाच वर्षातली.

तरीही त्या जुन्या कलमातली एक गोष्ट मला आज जवळजवळ सभ्य वाटते. त्यात अडवायचा होता तो ‘संदेश’. अमुक व्यक्तीचा, अमुक प्रकारच्या व्यक्तींचा, अमुक विषयावरचा. तो अडवण्याआधी कोणीतरी तो वाचणार, कोणाचा ते पाहणार, कागदावर नोंद करणार. हेरगिरीच होती ती, यात शंका नाही. पण तिला एकेका माणसाची दखल घ्यावी लागे. एखाद्या पुढाऱ्याची तार रोखली म्हणून त्याच तार कचेरीतून जाणारी कापसाच्या भावाची तार थांबत नसे.

पाली त्या वेळी ब्रिटिश मुलखात नव्हतंच. बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि तिथं माणसांचं बोलणं अडवण्याची वेगळी परंपरा होती. १९२० च्या दशकात आलेलं ‘गश्ती निशाण ५३’ मराठवाड्यातल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतं. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा, असा तो फतवा. परवानगी मागण्याचा अर्ज करायचा, मग तो कचेरीत पडून राहायचा, सभेची तारीख उलटून जायची. राजकीय सभेला परवानगी मिळेना म्हणून वाचनालयं, शाळा, साहित्याची संमेलनं यांच्या आडोशानं माणसं जमू लागली. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा आणि तिथले मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ यांचं मोठेपण या अडवणुकीच्या पार्श्वभूमीवर पाहिलं की नीट कळतं. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली.

वर्तमानपत्रांचीही हीच कथा. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केलं ते पुण्यात, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात. निजामाच्या प्रजेला आपल्याच मुलखाची बातमी परमुलखातून आणावी लागे. संस्थानात पत्रावर बंदी आली की वाघमारे नाव बदलून तेच पत्र पुन्हा काढत. बंदी नावावर होती, म्हणून नाव बदललं की सरकारला नवा आदेश काढावा लागे. हा उंदीर-मांजराचा खेळ आता वाचताना गंमतीचा वाटतो, पण त्यात एक बारकावा आहे. बंदी घालणाऱ्यालाही प्रत्येक वेळी पत्राचं नाव लिहून, शिक्का मारून, गॅझेटात छापून ती घालावी लागत होती. त्या बंद्यांचे कागद आहेत, म्हणून तर आज त्यांचा इतिहास लिहिता येतो.

मुंबईत १९४२ च्या ऑगस्टअखेर उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत टिकला, १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. तिथंही सरकारला एक यंत्र, एक खोली, काही ठरावीक माणसं शोधावी लागली. सगळ्या मुंबईचे रेडिओ संच बंद करावेत, हे त्या सरकारला सुचलं नाही; सुचलं असतं तरी ते जमण्यासारखं नव्हतं.

हे जमण्याची पहिली चुणूक स्वतंत्र भारतात दिसली. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली, आणि दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीजच तोडण्यात आली. मजकूर वाचायचा, अग्रलेखावर लाल रेघ मारायची हे सेन्सॉरचं काम पुढच्या दिवसांत आलं. पहिल्या रात्री मात्र कोण काय छापतो आहे हे पाहायची गरजच ठेवली नाही. आजच्या नेटबंदीचा सर्वात जवळचा पूर्वज मला तारेच्या कायद्यापेक्षा ती वीजतोडणी वाटते. तारेच्या कायद्यानं पुढं तिला कागदोपत्री नाव दिलं एवढंच.

कायदाही मधल्या काळात थोडा सुधारला होता. १९७२ मध्ये पाचव्या कलमातून तो सचिवाचा निर्णायक दाखला गेला आणि कारणं लेखी नोंदवण्याची अट आली. १९९६ मध्ये फोन टॅपिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सार्वजनिक आणीबाणी ही सामान्य शहाण्या माणसाला दिसेल अशी असली पाहिजे, गुपित असता कामा नये. मध्ये टपालाबाबत एक मजेशीर प्रसंग घडून गेला. पत्रं अडवण्याचे सरकारचे अधिकार वाढवणारं विधेयक १९८६ मध्ये संसदेनं मंजूर केलं आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही, परतही पाठवलं नाही. विधेयक टेबलावरच निजलं. पत्राला जो पाठीराखा लाभला तो पुढं मोबाइलला लाभला नाही.

मग २०१५ हे वर्ष. याच वर्षात दोन निकाल आले आणि ते एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचले नाहीत असं मला वाटतं. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दलच्या फेसबुकवरच्या पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यातून पेटलेल्या वादाचा शेवट २४ मार्च २०१५ रोजी झाला, सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. एकट्यादुकट्या माणसाची पोस्ट सुरक्षित झाली म्हणून सगळ्यांनी आनंद केला, आणि तो रास्तच होता. त्यानंतर पाच महिन्यांनी गुजरातमध्ये पाटीदार आंदोलन पेटलं आणि तिथं मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आलं, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे चौकात घोळका जमू नये म्हणून वापरायच्या कलमाखाली. फक्त काही संकेतस्थळं बंद करण्याची सोय कायद्यात असताना सगळंच का बंद केलं, असा युक्तिवाद उच्च न्यायालयात झाला आणि सप्टेंबरमध्ये तो फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. एक पोस्ट लिहिणाऱ्याला उचलणं अवघड झालं होतं आणि त्याच वर्षी कोट्यवधींचं नेट बंद करणं सोपं झालं.

त्या निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती हा खटका आला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं जुन्या टेलिग्राफ कायद्याखाली दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम काढले आणि तो अधिकार गृहसचिवांकडे नेला. गंमत अशी की तोवर तारच राहिली नव्हती. देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली होती. तारवाला गेला, कडकट्ट करणारं यंत्र संग्रहालयात गेलं आणि कायदा मात्र ठणठणीत. तारेचा असा वारसा घेऊन आलेल्या नियमांत संदेश, त्याचा धाडणारा, त्याचा विषय यांतलं काहीच उरलं नाही. आता अडवायची ती ‘सेवा’, आणि तीही एखाद्या इलाख्यातली. कोण काय बोलतो हे न वाचताच सगळ्यांना गप्प करता येतं आणि म्हणूनच कोणाला गप्प केलं याची नोंद ठेवण्याची निकडही उरत नाही.

महाराष्ट्रात हे हत्यार फार लवकर रुळलं. २०१८ मध्ये मराठा आंदोलनात औरंगाबाद जिल्ह्यात, २०२१ च्या नोव्हेंबरात अमरावतीत, २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात, सप्टेंबरमध्ये पुसेसावळीच्या दंगलीनंतर साताऱ्यात. मग बीड, आणि पाठोपाठ जालना व छत्रपती संभाजीनगरचे काही भाग. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे मुंबईकडे निघण्याच्या तयारीत असताना पुन्हा या तीन जिल्ह्यांत काही तासांची बंदी. ॲक्सेस नाऊ ही संस्था जगभरच्या नेटबंदीची मोजदाद ठेवते. २०२३ मध्ये भारतात तिनं ११६ प्रसंग मोजले आणि हा आकडा सलग सहाव्या वर्षी जगात सर्वाधिक होता. २०११ मध्ये होस्नी मुबारक यांनी इजिप्तचं इंटरनेट पाच दिवस तोडलं तेव्हा जग हादरलं होतं. आपल्याकडं ते आता ‘खबरदारीचा उपाय’ या दोन शब्दांत आटोपतं.

पोलिसांची बाजू खोटी नाही. ३० ऑक्टोबरला माजलगावात जे घडलं त्याच्या मागं सोळंके यांच्या नावानं मोबाइलवर फिरलेली एक ध्वनिफीत होती. व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो आणि जमाव तासाभरात उभा राहतो. ज्याच्या अंगावर वर्दी आहे आणि हाताशी मोजकी कुमक आहे, त्याला वेळ हवा असतो. पण बीडमध्ये घरं पेटली ती नेट चालू असताना, आणि नेट बंद झालं ते त्यानंतर. बंदीमुळे पुढचं काही टळलं का, हे सांगणारा अभ्यास सरकारकडं नाही. संसदेच्या दूरसंचारविषयक स्थायी समितीनं डिसेंबर २०२१ च्या अहवालात हेच नोंदवलं. देशात किती वेळा नेट बंद झालं याची नोंदसुद्धा ना गृह मंत्रालयाकडं होती ना दूरसंचार विभागाकडं. ओशॉनेसीच्या काळातल्या तार कचेरीत पाठवलेल्या प्रत्येक तारेची नोंद असे.

आणि बंद होतं ते काय? नोव्हेंबरच्या तोंडावर बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. २०२३ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. पालीच्या समोरच्या रस्त्यानं ट्रक-ट्रॅक्टरमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात त्याच दिवसांत नेट गेलं. उचलीचे पैसे कोणाच्या खात्यावर, कोणाच्या फोनपेवर. मुकादमाशी बोलणं व्हॉट्सॲपवर. मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रेशन द्यायचं तर ई-पॉस यंत्रावर अंगठा आधारशी जुळायला हवा. दाखला काढायचा तर सेवा केंद्र. शहरातल्या माणसाच्या घरी वायरचं ब्रॉडबँड असतं, कार्ड असतं, दुसऱ्या शहरातला भाऊ असतो. गावाकडं इंटरनेट म्हणजे मोबाइल आणि मोबाइल म्हणजे इंटरनेट. नियम सर्वांना सारखा असला तरी नेटबंदीची झळ अशी वरून खाली वाढत जाते. ज्या कुणबी नोंदींसाठी आंदोलन चाललं होतं त्या नोंदींचा दाखला काढण्याची वाटसुद्धा ऑनलाइन अर्जातून जाते.

हक्काची भाषा न्यायालयानं बोलून दाखवली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये नेट बंद झालं. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० रोजी न्या. रमणा, न्या. सुभाष रेड्डी आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या पीठानं निकाल दिला. इंटरनेटवरून बोलण्याचं आणि व्यापार करण्याचं स्वातंत्र्य घटनेनं राखलेलं आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, उपाय धोक्याच्या प्रमाणात हवा आणि प्रत्येक आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे, असं त्यात स्पष्ट आलं. सुनावणीत सरकारनं सगळे आदेश न्यायालयापुढंही ठेवले नव्हते. निकालानं तत्त्व दिलं, नेट मात्र दिलं नाही. काश्मीरला ४जी परत मिळायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. त्याआधी २०२० च्या नोव्हेंबरात नियमांत पंधरा दिवसांची कमाल मर्यादा घालण्यात आली.

१८८५ च्या कायद्याची जागा घ्यायला अखेर नवा कायदा आला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याची महत्त्वाची कलमं २६ जून २०२४ रोजी लागू झाली, १९७५ मधल्या त्या वीजतोडणीच्या रात्रीनंतर बरोबर ४९ वर्षांनी. तारीख कोणी मुद्दाम काढली असेल असं मी म्हणत नाही. नव्या कायद्याच्या २०व्या कलमात ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे दोन्ही शब्द जसेच्या तसे उतरले आणि त्यांच्या जोडीला सेवा बंद करण्याचा अधिकार आता थेट कायद्यात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नवे नियम निघाले. आदेश प्रसिद्ध करायचा, कारण द्यायचं, कोणता भाग आणि किती काळ ते लिहायचं, ही अट त्यांत आली. ही सुधारणा भसीन निकालाची, आणि तिला सुधारणाच म्हटलं पाहिजे.

२०१७ च्या नियमांतली, बंदीचे आदेश तपासणारी फेरविचार समिती मात्र होती तशीच राहिली. राज्यात मुख्य सचिव, विधी विभागाचे सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या एखाद्या विभागाचे सचिव. एका सचिवानं काढलेला आदेश तीन सचिवांनी तपासायचा. निवृत्त न्यायाधीश घ्या, बाहेरची जाणती माणसं घ्या, लोकप्रतिनिधी घ्या, असं स्थायी समितीनं सुचवलं होतं. ते झालं नाही. शिवाय या समितीला बैठकीसाठी पाच दिवसांची मुदत आहे. कोल्हापूरची बंदी एका-दोन दिवसांत उठली, फेब्रुवारी २०२४ ची बंदी तर तासांत मोजण्याएवढी. आपल्याकडच्या अशा बंदीचा फेरविचार ती उठून गेल्यावरच होणार. समितीला ती बेकायदा वाटली तरी मागं घ्यायला तेव्हा काही उरलेलं नसतं, आणि बुडालेल्या रोजाची, चुकलेल्या व्यवहाराची भरपाई कोणी द्यायची याबद्दल २०१७ च्या नियमांत एक ओळ नव्हती. २०२४ च्या नियमांतही नाही.